टीव्हीला ठाऊक असलेला बर्फ

मंगळवार, दिवेलागण

आपण काय बघतो ते टीव्ही टिपून ठेवतो आन तसलंच पुढं सुचवतो, असं पाबळच्या बहिणीनं सांगितलं. म्हणून आज ती यादी उघडून बघितली, तर ह्यांच्या नावावर सगळा बर्फच, नुसते बर्फाच्या डोंगरांचे व्हिडिओ. मी माहेरी राहू गावाला गेले की हे बर्फ बघत बसतात व्हय? मला कधी बोलले न्हाईत. ह्यांच्या मनातलं कळलं कुणाला, तर त्या डबड्याला. नुसता जळफळाट झाला. टिपणं बंद केलं, जुनं सगळं पुसून टाकलं.

हे मळ्यातून आले, टीव्ही लावला. "आज हा काहीच सुचवंना की."

"काय बघायचंय, मला सांगा."

"काय न्हाई. तुला आवडंल ते लाव."

मालिका लावली. बर्फाचं नाव त्यांनी काढलं न्हाई. मी काढावं, तर मीबी त्या डबड्यासारखीच चोरून बघणारी.