जुने पतंग द्या

४ फेब्रुवारी

चि. बारकू यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू छापून पाठवलेली पत्रकं मिळाली आणि आमच्या मंडळींनी त्याच दिवशी घरोघर वाटलीही. वाटण्याआधी एकानंही वाचली नाहीत, त्यात पहिला नंबर माझा. आमची संस्था घरी आजारी माणूस असलेल्यांना पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर असं सामान मोफत वापरायला देते, हे तुला माहीत आहे. मी लिहिलं होतं, घरात पडून असलेले जुने पलंग द्या. तू छापलंस, जुने पतंग द्या. पुढचं 'मोडके असले तरी चालतील, उचलायला आमची चार माणसं येतील' हे मात्र जसंच्या तसं.

कालपर्यंत त्रेसष्ट पतंग आले. एका आजोबांनी फोन करून विचारलं की पतंग उचलायला चार माणसं कशाला, माझा तर अगदी छोटा आहे. आमच्या प्रमुख, निवृत्त मेट्रनबाई, हसता हसता खुर्चीत कोसळल्या. पण एका बसचालकाची आई कंबरेचं हाड मोडून जमिनीवरच्या गादीवर पडून आहे आणि आमच्याकडे एकही पलंग शिल्लक नाही, त्यामुळे हसू फार टिकलं नाही.

आणि काय रे, तुझ्या पत्रात हल्ली एका ओळीत चारच शब्द मावतात. डोळे दाखवलेस का?

माझी माया आहे तेवढीच आहे. उत्तराला मात्र उशीर करू नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस बारकूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून शरम वाटली, पण दोष निम्मा तुझा. तुझा ल शाळेत असल्यापासून पोटात गेलेला आहे. मास्तरही त्याला त समजायचे. मी हाती आलेल्या कागदाबरहुकूम छापलं. त्यात पतंग हा शब्द खरा, त्यामुळे प्रुफात खटकलाही नाही.

अक्षर मोठं काढतो ते तुझ्यासाठी. सत्तरीच्या बाईला वाचता यावं म्हणून. माझे डोळे ठणठणीत आहेत. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळा गेला आणि त्यानंतर त्यांनी छापखान्यातल्या एका अक्षराच्या खिळ्याला हात लावला नाही, हे तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. तेव्हा हा विषय पुन्हा काढू नकोस.

रागावली असलीस तर दोन ओळींत रागाव आणि लोभ ठेव.

तुझा बारकू

२० फेब्रुवारी

चि. बारकू यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागवायला वेळ कुठे आहे? आमच्यात एक सुतार आहे, मोडके पलंग तोच नीट करून देतो. त्यानं सुचवलं की पतंग आलेच आहेत तर उडवू या. रविवारी दुपारी मैदान मिळवलं. पतंग उडवायचा तर डब्यात ऐपतीप्रमाणे टाका, किंवा कुणाच्या घरी पलंग पडून आहे ते सांगा. अर्धं गाव लोटलं. मेट्रनबाईंनी आमच्यातल्याच औषधदुकानदाराचा पतंग तीनदा काटला आणि दर वेळी त्याच्याकडून डब्यात भर घालून घेतली. अकरा पलंगांचा पत्ता लागला. बसचालकाची आई परवापासून पलंगावर आहे, आणि उशीला टेकून मुलाला स्वयंपाकाच्या सूचना देते आहे.

बैठकीत औषधदुकानदारानं, पतंग तीनदा गेल्यामुळे असेल, पुढची पत्रकं दुसऱ्या छापखान्यात द्यावीत असं म्हटलं. मी उभी राहून सांगितलं की चूक माझ्या अक्षराची होती. विषय मिटला.

स्वतःला जप आणि बहिणीला विसरू नकोस.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू चारचौघांत माझा दोष स्वतःवर घेतलास, ते वाचून जेवण गेलं नाही. तुझा मूळ कागद काढला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. ल चांगला गरगरीत आहे. मी तुझ्यावर उगाच ढकललं.

खरं ते सांगतो. वर्ष झालं, मला धड दिसत नाही. खिळे बोटांनी चाचपून ओळखतो. छापून झाल्यावर ते परत ज्या त्या अक्षराच्या खणांत टाकायचे असतात, तिथे घोटाळा झाला. ल आणि त दोघांनाही एक गाठ, एक दांडी. दोन्ही खणांत दोघांची भेसळ झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करा. मला भीती वाटते ताई. बाबांसारखं झालं तर छापखाना गेला, आणि छापखान्याशिवाय मी कोण? शिवाय महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे, ते एकट्या माणसाला कोण घालणार? मी आजवर कुणाचा मिंधा झालो नाही.

माफ कर, आणि होता तो जिव्हाळा कमी करू नकोस.

बारकू

१ मार्च

चि. बारकू यास आशीर्वाद. वि. वि.

शहाणा आहेस. बाबांनी ऑपरेशननंतर चौथ्याच दिवशी थेंब बंद करून छपाईला सुरुवात केली होती, म्हणून त्यांचा डोळा गेला. तू तेव्हा लहान होतास, तुला कुणी सांगितलं नाही.

भीती वाटते तर वाटू दे, ती घेऊनच ये. बसचालक रविवारी तुला न्यायला येतो आहे. त्याला नको म्हणायचं असेल तर तूच म्हण, माझं तो ऐकत नाही. इथल्या थेंबांच्या पाळ्या लागल्या आहेत. सकाळी मेट्रनबाई, दुपारी सुतार, संध्याकाळी औषधदुकानदार, झोपताना मी. दुकानदार स्वतःहून आला, थोडं वाईट वाटलंय त्याला.

वाट पाहते आहे, हेच प्रेम समज.

ताई

२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. खिडकीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग अगदी कडेची बारीक अक्षरंही. सुतारानं थेंब घालताना ऐकवलेले विनोद अजून आठवतात, ते मात्र त्याला सांगू नकोस.

दोन्ही खण उपसून ल आणि त वेगळे केले. मग वर्षभराच्या कामांच्या प्रती काढून बसलो आणि घाम फुटला. किराणावाल्याच्या बिलांवर तेलाच्या जागी लेत आणि तांदळाच्या जागी लांदूळ. दंतवैद्य झाला होता दंलवैद्य. शिंपीणबाईंच्या कार्डावर शिताई. एकानंही कधी तक्रार केली नव्हती. उलट पुढचं काम आणून दिलं होतं.

माफी मागायला किराणावाल्याकडे गेलो. त्याच्या गल्ल्याखाली बिलांची पुस्तकं होती. पानापानावर लेत खोडून शाईनं तेल लिहिलेलं, त्याच्या बायकोच्या अक्षरात. बाराशे पानं. दंतवैद्याकडे गेलो, त्यांच्याकडेही तेच. शिंपीणबाई म्हणाल्या की तुम्हाला दिसत नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही छापखाना बंद केला असता.

ताई, मी समजत होतो की मी कुणाचा मिंधा नाही. रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि रडलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. ते बाहेरून जाणाऱ्या पाण्याबद्दल असावं.

तुझा लोभ होता म्हणून दिसलं, तो पुढेही असू दे.

तुझा बारकू