वाहत्या पाण्याचे मासे

४ एप्रिल
गाडी चारबागला वेळेवर पोचली. अभय आणि रुचा दोघंही घ्यायला आले होते. रुचाने माझ्या हातातली पिशवी ओढूनच घेतली. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मला 'आँटी' म्हणाली. चालेल. अडतिसाव्या वर्षी दुसरं लग्न करून भंडाऱ्याहून लखनौला आलेल्या बाईला एवढं पुष्कळ आहे.

वृंदावन योजना नावाच्या कॉलनीतलं हे घर हवेशीर आहे. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी चार फुटी काचेची टाकी. आत सहा चपटे, ठिपकेदार मासे, पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढे. डोंगरातल्या ओढ्यांत राहणारी जात. फारसे पोहत नाहीत, पोटाने दगडाला चिकटून बसतात आणि पंपाची धार अंगावर घेतात. संपदाने आणले होते म्हणे. संपदा म्हणजे अभयची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने गेली.

१५ एप्रिल
काल जयंतीला विकास नगरला गेलो होतो, अभयच्या बहिणीकडे, स्वप्नाताईंकडे. सगळी मराठी मंडळी जमली होती. खीर दोनदा घेतली. सगळे माझ्याशी बोलले, संपदाबद्दल कोणीच नाही.

आजपासून मासे माझ्याकडे. पाणी गार हवं आणि सतत वाहतं हवं. दगड बादलीत घालून गच्चीवर उन्हात ठेवायचे, शेवाळ धरलं की टाकीत सोडायचे. तेच त्यांचं जेवण. मासा काचेला चिकटला की त्याचं पोट दिसतं, आतलं काळीज धडधडताना दिसतं. मला लळाच लागला.

६ मे
पाणी बदलायला दहा मिनिटं पंप बंद केला, तर छाती आवळून आली. भिंत धरून बसले. पंप लावला आणि मोकळं वाटलं. बाहेर बेचाळीस डिग्री आहे. उकाडाच असणार.

१२ मे
आज मुद्दाम बंद करून पाहिला. तीनदा. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी सहाही मासे काचेवर आले, तोंडं माझ्याकडे. त्यांचे कल्ले माझ्या श्वासाबरोबर हलत होते. मी श्वास रोखला. ते थांबले.

१९ मे
एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले दमा असेल. अभयने माळ्यावरून संपदाचं ऑक्सिजनचं मशीन काढून पुसलं. लाईट गेली की इन्व्हर्टरवर हॉलमधला एकच प्लग चालतो आणि त्यात पंप असतो. अभय म्हणाला, तुला लागलं तर पंप काढून टाक, मासे मेले तर मेले. रुचा ताटावरून उठून गेली.

२० मे
शाळेतून आल्यावर रुचा आपणहून जवळ बसली. तिने हळू आवाजात सांगितलं, "मम्मी की मशीन का प्लग नीचे पड़ा था, आँटी। पंप लगा था। पापा घर पे ही थे।"
संपदा गेली त्या दुपारचं सांगत होती, लाईट गेलेली होती. तेव्हा ती आठ वर्षांची होती. वडिलांना तिने आजवर विचारलेलं नाही.

२२ मे
मी विचारलं. रुचाच्या समोर विचारलं. अभय पांढराफटक पडला. त्या दुपारी आतल्या खोलीत त्याचा डोळा लागला होता, म्हणाला. आणि त्याला वाटलं होतं की माशांसाठी रुचानेच पंप लावला. लहान पोर, म्हणून तीन वर्षं तोंड मिटून बसला.
मी हसले. म्हटलं, बायको मारून मासे जगवलेस आणि आता लेकीवर ढकलतोस?
रुचा कानांवर हात ठेवून किंचाळत राहिली.

२९ मे
तो रुचाला घेऊन स्वप्नाताईंकडे गेला. ताईंनी फोन करून सांगितलं, त्या घरात तुम्हीच राहा आता.
खरं बोलले त्याचं बक्षीस. घर माझं, मासे माझे.

३ जून
मासे पिशवीत भरून दुकानात देऊन टाकायला निघाले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर कोसळले. रांगत वर आले, त्यांना धारेत सोडलं, तेव्हा श्वास आला.
आता हॉलमध्येच झोपते. भंडाऱ्याला जाता येणार नाही. गेटपर्यंतसुद्धा—

७ जून, दुपार
दोन तास लाईट नाही. पंपाची धार मंदावली, छाती भरून आली. घाबरून पंप काढला, मशीन लावलं. नळी नाकाशी. हवा येतेय, आत जात नाही. मासे उलटे होऊ लागले आणि माझी बोटं निळी—
मशीनचा प्लग मीच उपटला. पंप लावला. श्वास आला.

मीच उपटला. कोणी सांगितलं नाही—

म्हणजे संपदानेही. स्वतःच्या हाताने. अभय खरंच झोपला होता. रुचाने काहीच— बापलेक तीन वर्षं एकमेकांना झाकत राहिले आणि मी त्या दोघांना—

अभयला फोन लावला. कट केला. पुन्हा लावला. कट.

इन्व्हर्टर टीं टीं करतोय. बॅटरी. धार बारीक झाली. सगळे काचेवर—

लिहून ठेवते. रुचा, पापांनी नाही केलं. तूही नाही, बेटा. मम्मीनेच काढला, कारण पंप थांबला की आपल्याला