पानाबाहेरचा घास

बुधवार, २० जानेवारी १९९९, झांझिबार

पोहोचलो एकदाचे! ईदच्या सुट्टीत अजमानच्या फ्लॅटमध्ये एसीखाली लोळण्यापेक्षा आफ्रिका बघू, म्हणून मी सहा महिने मृणालिनीचं डोकं खात होतो. विमानतळाबाहेर पडलो तर हवेत लवंगांचा वास. दुपारभर बोळ पालथे घातले. पितळी खिळ्यांचे ते प्रचंड दरवाजे पाहून आमच्या सात वर्षांच्या तन्मयने 'बाबा, व्हाय सो बिग?' विचारून कान किटवले. मग समुद्राकाठी उरोजो खाल्लं. कैरीचं आंबट पिवळं कालवण, त्यात बटाटा, भजी, वर कुरकुरीत काहीतरी. ही आपली भेळच, फक्त बुडालेली, असा निकाल देऊन बाईसाहेबांनी दोन वाट्या संपवल्या.

गुरुवार, २१ जानेवारी

आज मरियमबींकडे जेवलो. वय सत्तरच्या पुढे, आजोबा बाणकोटहून इकडे आलेले. प्रवाशांना घरी जेवू घालतात. त्यांची मराठी जुनी, खारट कोकणी वळणाची. 'सावकाश जेवा' ऐकलं आणि मला चक्क भरून आलं. चटईवर ताटं मांडली होती. पिलाव आणि नारळाच्या रसातला ऑक्टोपस. (तन्मयने त्याचे पाय मोजले.)

सवयीने मी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला भाताचे पाच छोटे घास ठेवले. मासे खाऊन चित्राहुती घालतो म्हणून मृणालिनी मला नेहमीच चिडवते, पण वडिलांनी लावलेली सवय आहे, सुटत नाही. मरियमबींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईने ते घास ओढणीत गोळा केले. म्हणाल्या, आमच्या या घरात पानाबाहेर काही ठेवत नाहीत. त्यांची थोरली बहीण बदरुन्निसा लहानपणी टंचाईच्या वर्षी याच खोलीत उपाशी मेली, सावत्र आईने कोंडून. कुणी पानाबाहेर वाटा काढला की ती ते आपल्यालाच बोलावणं समजते.

मी माफी मागितली. म्हातारीचं मन दुखावलं याचंच वाईट वाटलं. घास त्यांना चारच सापडले. मी पाच ठेवले होते.

शुक्रवार, २९ जानेवारी, अजमान

घरी येऊन आठवडा होत आला. आज सुरमईचं कालवण. जेवून हात धुऊन आलो तर टेबलावर चित्राहुतीच्या जागी काही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने टेबल पुसलं म्हणून मृणालिनीने टाळ्या वाजवल्या. मी पुसलं नव्हतं. टाळ्या मात्र घेतल्या.

मंगळवार, २ फेब्रुवारी

रोज तेच. दुपारच्या सुट्टीत शारजाच्या ऑफिसातून घरी येतो, जेवायला बसतो, घास ठेवतो. नजर जराशी हलली की जागा रिकामी. आज तिथे बोट लावून पाहिलं. ओलं होतं, चाटल्यासारखं.

मृणालिनीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, ते बंद करा, खलास. बंद केलं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

तन्मय सारखा खातोय. काल सहा पोळ्या. तरी 'आय ॲम स्टिल हंग्री.' आणि शाळेची चड्डी कमरेवर राहत नाही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. असेलही जंत.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

आज त्याच्या समोर बसलो. मुद्दाम.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. ताटातला वरणभात पलीकडच्या कडेने कमी होत गेला. आवाज नाही. मग तन्मयने घाईने एक घास घेतला आणि मला सांगितलं, 'शी इज फास्टर, बाबा.' तक्रार नव्हती. सांगितलं फक्त.

मी भ्यालो आहे. त्याच्या फासळ्या मोजता येतात.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

फोनकार्ड घेऊन मरियमबींना गाठलं. त्या रडल्या. म्हणाल्या, वाटा एकदा दिला की थांबवायचा नसतो. तो बंद झाला की ती घरातल्या सर्वांत लहानाच्या ताटात बसते. पुन्हा ठेवायला लागा, जास्त ठेवा, इन्शाल्ला तुमच्याकडे परत येईल. त्या स्वतः पन्नास वर्षं एकट्या जेवतात. पोटी मूल होऊ दिलं नाही, ते याचसाठी.

म्हणजे मीच बोलावलं. आणि मीच तिला माझ्या पोराच्या ताटावर ढकललं.

रविवार, १४ फेब्रुवारी

ठेवले. मोठे, तूप घालून.

गेले! तन्मयने अर्धी पोळी टाकली. पोट भरलं म्हणाला. मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

बुधवार, १७ फेब्रुवारी

दोघांना ठाण्याला पाठवलं, मृणालिनीच्या आईकडे. मी इथेच राहणार. बदरुन्निसाला जेवू घालणार. जन्मभर घालीन. तन्मय सुटला पाहिजे, बाकी काही नको.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

घास तसेच आहेत.

जेवून तास झाला. तसेच.

उशीर होत असेल—

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

पहाटेपासून ठेवतोय. भात. मासे. मग अख्खं ताटच. नाव घेऊन बोलावलं, ये बाई, ये ना, इथे आहे तुझं—

मुंग्या लागल्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मुंग्या.

ती इथे नाही—

ठाण्याला फोन लागला. रिसीव्हर खांद्यात धरून लिहितोय— मृणालिनी म्हणते आई खूश आहे, नातू किती जेवतोय. पातेलं संपलं, दुसरं लावलंय. मी ओरडलो, त्याला ताटावरून उठव, आत्ता— ती म्हणते ताट केव्हाच रिकामं झालंय, तो गप्प बसलाय, हात मांडीवर ठेवून— थांबा, म्हणते, थांबा हं, याच्या बोटांना हे काय—