आडाच्या काठावरची वेणी

माय, तू माझी वेणी कधीच घातली नाहीस, याचा राग मी केस पांढरे होईपर्यंत जपला. सगळ्या आया ओसरीवर पोरींना पुढ्यात बसवून तेल चोपडायच्या आणि तू मला शेजारच्या अक्काकडे पिटाळायचीस. एकदा शाळेत मी एका पोरीची वेणी ओढली हे कळलं, तर चुलीपुढून उठून पिठाच्या हातानं थोबाडीत हाणलीस. "पुन्हा कुणाच्या केसाला हात लावलास तर बघ!" त्या हाताच्या मनगटावर तो जुना वण. विचारलं की, कुत्रं चावलं, म्हणून मोकळी. लग्नानंतर माहेरी तू पाऊल टाकलं नाहीस. मी म्हणायचे, दगडाच्या काळजाची बाई आहे ही.

या उन्हाळ्यात मी शिकवते त्या कॉलेजातली पोरं घेऊन मी तुझ्या माहेरी गेले, मुसलमान गल्लीतला आड उपसायला. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गाव पेटलं तेव्हा गल्लीतल्या बायांनी अब्रूपायी त्यात उड्या घेतल्या होत्या. तेव्हापासून आड तसाच बुजत गेलेला, आणि गल्ली टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. पोरांनी दोर बांधला. गल्लीतले बाप्ये भिंतीला टेकून उभे. कुणी 'पाणी घ्या'सुद्धा म्हणेना. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली आणि थेट काठावरच बसली.

"उपसायलाव व्हय? आधी मला ढकला आत, मग उपसा."

माझ्या एका विद्यार्थिनीनं फावडं खाली ठेवलं, तिच्याशेजारी मातीत बसली आणि विचारलं, "दादी, आत कोण हाय तुमचं?"

म्हातारीनं काठी मांडीवर आडवी घेतली. "माझी माय. न्हानी भैन. मीबी मागं पळाले होते. माझी मैत्रीण होती, वाण्याची पोरगी. तिनं मागून माझी वेणी धरली. दोन्ही हातांनी. सोडंच ना! मनगटाला चावले, शिव्या दिल्या, तरी सोडंना. मायनं खालून एकदा हाक मारली, मग न्हाई. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले न्हाई."

तो वण, माय! मी कशीबशी म्हणाले, "दादी, मी तिचीच लेक."

तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. "जगले मी. लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं हायत. तुझ्या मायला सांग, वेणी ओढली तवा दुखलं न्हाई. उसकू बोल, दुखा नइं." मग पोरांकडे वळली. "काढा गाळ. बांगड्यांचे तुकडे निघतील, ते तेवढे मला द्या. पाणी लागलं तर गल्लीला."

गाळाची पहिली पाटी वर यायला लागली तेव्हा भिंतीजवळचे बाप्येही दोराला लागले.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, ठाऊक आहे. पण मी तिला शब्द देऊन बसलेय. "सांगते," म्हणाले. तू आता या जगात नाहीस, हे माझ्या तोंडून निघालंच नाही.