खांद्यापासून खाली

पाटण,
२४ जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास, इंद्रजितचा सा. न. वि. वि.

मंगलमावशीच्या हाती चिठ्ठी देतोय. आयसीयूत मोबाईल चालत नाही आणि गळ्याला भोक पाडल्यावर तू बोलणार तरी कशी? परवा श्वासाचं यंत्र निघालं, काल पेन धरलंस म्हणे. ऐकून आई रडली गं.

तुझी दीपमाला इथंच आहे. माझी फौजी टोपी घालून झोपते. लय आगाऊ झालीय, अगदी तुझ्यावर गेलीय.

आता खरं लिही. विष तू घेतलंस का त्यांनी पाजलं? दिवाळीत फोनवर रडली होतीस, ते मी विसरलो नाही. म्हणून तर तू बेशुद्ध असतानाच दाजींवर आणि तुझ्या सासूवर तक्रार दिली. दोघंही आत आहेत. कुणाला भिऊ नको. माझी रजा तीन तारखेला संपतेय, त्याआधी पोलिसांना लिहून दे.

आईचे आशीर्वाद, आणि माझ्यावर भरवसा ठेव.

तुझा,
इंद्रजित

विश्रामबाग, सांगली,
२६ जानेवारी

चि. इंद्रजितास अक्काचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, लाव आपलं जुळवून. बोटांत जोर नाही. पायांत तर अजिबात नाही, डॉक्टर म्हणतात महिने लागतील.

मी बेशुद्ध नव्हते रं! पापणी हलत नव्हती, श्वास यंत्र देत होतं, पण कान जागे होते. उशाशी उभा राहून तू म्हणालास, हिला विष पाजलंय, एकेकाला सोडत नाही. न्हाई रं, न्हाई, म्हणून मी आतल्या आत ओरडत होते. नंतर औषधानं भ्रम झाला, नळ्या ओढायला लागले, तर हात कॉटला बांधले.

मी काही प्याले नाही. लावणीला बायका आल्या नाहीत. उसाची कांडी कीड मारायच्या औषधाच्या पिंपात बुडवायची आणि ओल्या पाट्या डोक्यावरून सरीपर्यंत न्यायच्या, हे दिवसभर मीच केलं. चुंबळ भिजून पाणी मानेवर येत होतं. संध्याकाळी सासूबाईंनी न्हाणीत ऊन पाणी काढलं, डोक्यावरून घे म्हणाल्या. मी खांद्यापासून खाली अंघोळ केली आणि तसाच ओला अंबाडा बांधून झोपले. पहाटे तोंडाला फेस आला. इथं सगळे धरूनच चालले, की प्याली. पोट धुतलं, केस कुणी धुतले नाहीत. चौथ्या दिवशी सिस्टरला केसांतून त्या औषधाचा वास आला, तेव्हा डोकं भादरलं. तोवर ते अंगात मुरतच होतं.

फौजदारांना काल हे लिहून दिलं. ते म्हणाले, नवऱ्याला वाचवायला सगळ्याच बायका असं लिहितात. पाणी काढून दिलं होतं तर डोकं का नाही धुतलं? साक्षीला सासूबाई, आणि त्याच आत!

तो बुधवार होता रं. बुधवारी डोकं धुतलं की भावाला बाधतं, असं आई म्हणायची. तू भरती झाल्यापासून मी पाळते. हे फौजदारांना कसं लिहू? आणि दिवाळीत रडले ते तुझी बदली सीमेवर झाली म्हणून. तुला बोलले नाही, उगीच जिवाला घोर.

माझ्यावर विश्वास ठेव बाबा. तूही ठेवला नाहीस तर मी कुणाला सांगू?

तुझी,
अक्का

सांगली,
२९ जानेवारी

तीर्थरूप अक्कास, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

दवाखान्यातच खाली बाकावर बसून लिहितोय. वर यायला तोंड नाही. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, त्यानंतर ती दिवसभर जेवली नाही. आज माझ्याबरोबर ठाण्यात आली आणि बुधवारचं तिनंच सांगितलं. दोन हवालदार हसले. मी म्हटलं, हसा, पण लिहून घ्या.

फौजदार म्हणाले, तक्रार दिली तशी मागं घेता येत नाही, आता कोर्ट बघेल. डॉक्टरांनी केसांबद्दल कागद दिलाय. जामिनाचं उद्या कळेल. दाजी माझ्याकडं बघेनात. तुझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, संयोगिताला गिळता येतंय का.

मी धडधाकट आहे अक्का, आणि तू खाटेवर. माझ्यासाठी आणखी काय काय पाळतेस, ते सगळं लिहून पाठव. एकही विसरू नको. एकेक मोडायचंय मला.

शिव्या दे, पण माया तोडू नको.

तुझा,
इंद्रजित