कापला जाणारा भाग

प्राचार्य महोदय यांस,

खालापूरहून नमस्कार. मागण्याची मला सवय नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकीन, याची खात्री नाही.

माझी कन्या कै. नम्रता आपल्या महाविद्यालयात कायदा शिकवीत असे. टाळेबंदीत तिने घरूनच धडे ध्वनिमुद्रित केले. ते मी आजही मोबाइलवर ऐकतो. आता आपण त्यांत तिच्याऐवजी यंत्राचा आवाज घालणार, असे कळले. माझी हरकत नाही. नोकरीत केलेल्या कामावर मालकाचा हक्क असतो, हे मी चौथी शिकलेला माणूस तिच्याच धड्यातून शिकलो.

परंतु एक शंका आहे. कॉपीराइटच्या धड्यात ती मध्येच ओरडते, "अप्पा, मिक्सर बंद करा ना! वर्ग चालू हाय!" मागून मी म्हणतो, "थांब गं, चटणी होऊ दे!" मग ती खळखळून हसते.

हे बोलणे अभ्यासक्रमातले नाही, विद्यार्थ्यांसाठीही नव्हते. मग कायद्याने ते कोणाचे? तिला विचारले असते, तर तिने लगेच पुस्तक उघडले असते.

तो भाग आपण कापणारच. कापलेले कोठे ठेवतात, मला ठाऊक नाही. टाकून देणार असाल, तर तेवढे हसणे मला द्यावे.

नम्रताचा बाप,
सदाशिव धोंडू ठोंबरे