आठ दिवस गाडी बाहेर

३ डिसें. ६८
शेजारच्या धानाच्या गोदामात पोती शिवणारी गया दुपारी आमच्या ओट्यावर डोके धरून बसली. "बाई, त्या गाडीच्या धुरानं डोकसं ठनकून राह्यलं." पोती उचलणारी डिझेलची गाडी आत चालवायची, आणि पाखरे शिरतात म्हणून दारे बंद! मॅनेजर कोण? माझ्या सख्ख्या बहिणीचा मधू. लाज आणली.

४ डिसें.
मधूला झाडले. इंग्रजी मासिक नाकासमोर धरले. परदेशात अशा गाड्या हायड्रोजनच्या सेलवर चालवून पाहताहेत, धूर नाही, नुसते पाणी निघते. हसला. "मावशी, बुडबुड्यांवर गाडी? बिना बॅटरीनं मीटरचा काटा तरी हलवून दाखवा. आठ दिवस गाडी बाहेर ठेवतो." गयासमोर बोलला, बरे झाले. तीस वर्षे मुलींना रसायन शिकवले आणि हा मला...

५ डिसें.
टॉर्चच्या दोन मेलेल्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, धुण्याचा सोडा, पेला. मीटर शाळेतून मागून आणले. काटा ढिम्म. कांड्यांना मेण असते, विसरले! चुलीत लाल केल्या, पाण्यात विझवल्या. आता ठीक.

६ डिसें.
गोदामात, सगळ्यांसमोर. बॅटरी जोडली. एका कांडीवर हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीवर ऑक्सिजनचे. बॅटरी काढली, तारा मीटरला लावल्या. हलला! थोडा वेळच, पण कांड्यांना चिकटलेल्या नुसत्या बुडबुड्यांवर हलला. गया ओरडली, "हालला वो माय!" मधू वाकून टेबलाखाली बॅटरी शोधत होता. इतकी हसले की चष्मा पेल्यात पडला.

१० डिसें.
गाडी बाहेर. आत धानाचा वास परत आला. पण पोती हातगाडीवर. गया म्हणते, "डोकसं मोकयं झालं बाई, आता कंबर धरली." हे मला आधी सुचायला हवे होते. मधूला वरच्या कचेरीला पत्र लिहायला बसवले: हायड्रोजनची येईल तेव्हा येईल, तोवर बॅटरीवरची गाडी द्या. त्याचे इंग्रजी! तीनदा लिहून घेतले. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरने त्याच्या हातावर पट्टी मोडली असती.

१५ डिसें.
मुदत संपली. उत्तर नाही. मधू म्हणाला, "मावशी, वरून ओरडून राह्यले, मी तरी काय करू?" सकाळी गाडी दाराशी गुरगुरत उभी. आणि दारात, उंबऱ्याला लागून, गया आणि दहा जणी पोती पसरून शिवत बसलेल्या.
"काहून वो, इथं काहून बसल्या?"
"इथं उजेड हाय साहेब," गया म्हणाली. मान वर केली नाही.
मधूने माझ्याकडे पाहिले. मी गयाला म्हटले, सरक जरा, एक दाभण मला दे.